वाट्यातला हिरवा बटाटा



संध्याकाळी सात-साडेसात वाजून गेले की आठवडी बाजारात भाजी किलोवर कमी आणि वाट्यावर जास्त विकली जाते. दिवसभर गिऱ्हाइकांनी निवडून निवडून उरलेला माल गोणपाटावर छोट्या ढिगांनी मांडलेला असतो. दहाला वाटा, वीसला वाटा. आपल्या वस्तीतल्या बहुतेक बाया कामावरून सुटून बाजारात पोचतात त्या याच वेळेला. वाट्यातला टोमॅटो मऊ असेल तर हाताला कळतं, वांगं किडकं असेल तर चिरताना कळतं. बटाट्याचं तसं नाही. तो टणक असतो, टिकाऊ वाटतो. साल जराशी हिरवट, डोळ्यांतून कोंब डोकावतायत, एका बाजूला खरचटलंय. "बटाटाच तर आहे, सोलला की झालं," असं म्हणून आपण वाटा पिशवीत ओततो.

सोलला की झालं, हे अर्धंच खरं आहे.

मी जीएनएम करून बरीच वर्षं वॉर्डात काम केलं. आता वस्त्यांमध्ये आरोग्याच्या बैठका घेते. बैठकीत बाया मला हमखास दोन गोष्टी सांगतात. एक, "ताई, आता सगळंच हायब्रीड झालंय, म्हणून आजार वाढलेत." दुसरी, "जमिनीतून आलेली नैसर्गिक वस्तू कधी बाधत नाही." बटाटा या दोन्ही समजुतींना एकदम छेद देतो, म्हणून मला तो शिकवायला फार उपयोगी वाटतो.

आधी त्याच्या शरीराची गोष्ट. झाडाला पळता येत नाही, मारता येत नाही. कीड, बुरशी, जनावरं यांच्यापासून वाचायला ते स्वतःच विष तयार करतं. बटाट्याच्या झाडात अशी दोन मुख्य विषं असतात : सोलॅनिन आणि चॅकोनिन. दोन्ही मिळून त्यांच्या गटाला ग्लायकोअल्कलॉइड म्हणतात. नाव अवघड आहे, तेव्हा इथे मी नुसतं 'बटाट्याचं विष' म्हणेन. पानं, फुलं, झाडाला लागणारी हिरवी छोटी फळं आणि कोंब यांत ते भरपूर असतं. आपण जो कंद खातो त्यात ते थोडंच असतं, आणि त्यातलंही बहुतेक सालीत, सालीलगतच्या पातळ थरात आणि डोळ्यांभोवती असतं. चांगल्या बटाट्यातलं हे प्रमाण इतकं कमी असतं की आपल्याला काही होत नाही.

पण कंद हा काही दगड नव्हे, तो जिवंत असतो. त्याच्यावर उजेड पडला की त्याला वाटतं आपण जमिनीच्या वर आलो. मग तो दोन कामं करतो. हिरवा होतो, आणि विष वाढवतो. हिरवा रंग हा पालकात असतो तोच, हरितद्रव्याचा. त्याने काही बिघडत नाही. पण तो रंग आपल्याला सांगतो की या बटाट्याने उजेड खाल्लाय आणि विषही वाढलेलं असू शकतं. कापलं, आपटलं, खरचटलं तरी विष वाढतं, आणि तेव्हा हिरवा रंग दिसेलच असं नाही. कोंब फुटले की कोंबांत आणि डोळ्यांत वाढतं. बारीक गोळी बटाट्यात वजनाच्या मानाने साल जास्त, म्हणून विषही जास्त. आता पुन्हा तो वाटा डोळ्यांपुढे आणा. दिवसभर उन्हात, मग बल्बच्या उजेडात पडलेला, खरचटलेला, गोळी माल. बटाट्याचं विष वाढायला जे जे लागतं ते सगळं त्या दहा रुपयांच्या ढिगात जमलेलं असतं. बंगल्यातल्या बाईने सकाळी निवडून नाकारलेला बटाटा संध्याकाळी तिच्याकडे भांडी घासणारीच्या ताटात येतो, हा काही योगायोग नाही.

शिजवल्याने विष मरतं का? जंतू मरतात, हे मरत नाही. पाणी १०० अंशाला उकळतं, कुकरमध्ये साधारण १२० अंशांपर्यंत जातं. या विषाला त्याने फारसा धक्का लागत नाही. चार शिट्ट्यांऐवजी आठ केल्या तरी फक्त गॅस जळेल. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२० साली यावर मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यात आहे की सोलल्याने २५ ते ७५ टक्के, आणि पाण्यात उकडून ते पाणी फेकल्याने ५ ते ६५ टक्के विष कमी होतं. हे आकडे किती लांबरुंद आहेत बघा. म्हणजे सोलणं चांगलंच, पण आधीच विष चढलेला बटाटा सोलून निर्धोक झाला असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

विष पोटात गेलं तर काय होतं? काही तासांत, कधी दुसऱ्या दिवशी, मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब. डोकं दुखतं, गरगरतं. कधी ताप येतो. जास्त गेलं असेल तर गुंगी येते, बडबड सुरू होते, ब्लडप्रेशर खाली येतं. पहिल्या चार लक्षणांना आपल्याकडे एकच नाव आहे : गॅस्ट्रो. केसपेपरवर गॅस्ट्रो लिहिलं जातं, सलाईन लागतं, माणूस दोन दिवसांत बरा होऊन घरी जातो. पाणी दूषित होतं का, बाहेरचं खाल्लं का, हे विचारलं जातं आणि ते विचारायलाच पाहिजे. पण "घरी कसला बटाटा खाल्ला?" हा प्रश्न वॉर्डात माझ्या कानावर कधीच आला नाही. जी गोष्ट विचारलीच जात नाही ती नोंदीत कशी येणार, आणि नोंदीत नाही म्हटल्यावर ती घडतच नाही असं मानायला सगळे मोकळे.

नोंद झालेलं एक उदाहरण सांगते. लंडनमधल्या एका मुलांच्या शाळेचं. दोन डॉक्टरांनी त्यावर लिहिलेला अहवाल १९७९ साली वैद्यकीय नियतकालिकात आला. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली, आणि दुसऱ्याच दिवशी जेवणानंतर ७८ मुलं आजारी पडली. १७ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, त्यातली काही गंभीर होती. सुदैवाने सगळी वाचली. शोध घेतल्यावर संशय आला तो बटाट्यावर. आधीच्या सत्रातलं एक पोतं स्वयंपाकघरात उरलेलं होतं, सुट्टीभर तसंच पडून होतं, आणि शाळा उघडल्यावर तेच वापरलं गेलं. ताजा माल घेण्याआधी जुनं संपवावं, इतका साधा हिशोब त्यामागे असावा. तोच हिशोब आपल्या प्रत्येक घरात रोज चालतो.

आता प्रमाण समजून घेऊ, नाहीतर हे वाचून उद्यापासून कुणीतरी बटाटाच बंद करेल. त्याच युरोपीय आढाव्याने असं धरलंय की शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १ मिलिग्रॅम विष गेलं तर त्रास सुरू होऊ शकतो. पंधरा किलोचं लेकरू घ्या, म्हणजे तीन-चार वर्षांचं, अंगणवाडीतलं. त्याला १५ मिलिग्रॅम. एका किलो बटाट्यात समजा ५० मिलिग्रॅम विष आहे, जे चांगल्या बटाट्यात अगदी सर्वसाधारण आहे, तर त्या लेकराला एका दिवसात ३०० ग्रॅम बटाटा, तोही सालीसकट, खावा लागेल. इतका ते सहसा खात नाही, आणि आपण सोलूनच देतो. पण किलोला ३०० मिलिग्रॅम विष असलेला बटाटा असेल, तर ५० ग्रॅममध्येच ते लेकरू त्या रेषेवर पोचतं. ५० ग्रॅम म्हणजे एक गोळी बटाटा. मोठं माणूस तेवढ्याने आजारी पडणार नाही, म्हणून घरात म्हणतील, "आम्ही सगळ्यांनी तेच खाल्लं, हिलाच कसं झालं?" त्याचं उत्तर वजनात आहे.

घरात काय करायचं

हिरवा ठिपका लहान असेल तर तिथे नुसती साल काढू नका, गरासकट जाड काप काढून टाका. कोंब आला असेल तर तो मोडून भागत नाही, सुरीच्या टोकाने डोळा खोलवर कोरून काढा. अर्धा बटाटा हिरवा असेल, मऊ पडून सुरकुतला असेल, खूप कोंब असतील, तर फेकून द्या. जीवावर येतं, मला माहीत आहे. पण एका रात्रीच्या दवाखान्याचा, रिक्षाचा आणि बुडालेल्या रोजाचा हिशोब करा. तो फेकलेला बटाटा बकरीलाही घालू नका, कोंब तर मुळीच नको. जनावरालाही तेच विष बाधतं.

सालीची चटणी किंवा परतलेली साल काही घरांत करतात. चांगल्या, ताज्या बटाट्याची असेल तर ठीक. वाट्यातल्या बटाट्याची नको. बटाटे उकडलेलं पाणी आमटीत घालू नका. भाजी जिभेला कडू लागली, घशात चरचरलं, तर तिखट-मीठ वाढवून ती खपवू नका, तिथेच थांबा. आणि लहान मूल "कडू आहे" म्हणून ताट सरकवत असेल तर त्याला नखरे म्हणू नका, आधी स्वतः चाखून बघा.

एका खोलीच्या घरात अंधारी जागा कुठून आणायची, हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत येतो. उत्तर सोपं आहे. जुनी गोणी किंवा जाड सुती कापडाची पिशवी घ्या, खाटेखाली, भिंतीच्या बाजूला ठेवा. बांधून ठेवलेली प्लास्टिकची पिशवी नको, त्यात घाम धरतो. खिडकीतल्या टोपलीत, ट्यूबलाइटखाली तर नकोच. कांद्याजवळ ठेवू नका. आणि एकदम पाच किलो स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका, आठवड्यापुरते घ्या.

उलट्या-जुलाब सुरू झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट देत राहा. या विषावर उतारा असं वेगळं औषध नाही, शरीर सावरेपर्यंत पाणी आणि क्षार टिकवणं हाच उपचार. मूल गळून गेलं, लघवी होत नाही, भलतंच बोलतंय किंवा डोळे उघडत नाहीये, तर घरी थांबू नका. जाताना उरलेली भाजी आणि शिल्लक बटाट्यातला एक सोबत न्या आणि डॉक्टरांना स्वतःहून दाखवा.

शेतातूनच विष घेऊन आलेला बटाटा

इथवर आपण बोललो ते ठेवण्यातल्या, हाताळण्यातल्या बिघाडाबद्दल. पण बटाटा शेतातून ताजा, स्वच्छ, जराही हिरवा नसलेला आला आणि तरी त्यात विष जास्त असलं तर? असं घडलंय. अमेरिकेत.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा, आजच्या पेरू-बोलिव्हियाच्या बाजूचा. तिथल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी तो रानातून शेतात आणला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या जहाजातून आला, आणि 'बटाटा' हा शब्दही त्यांच्याचकडचा. शेतातल्या बटाट्याचे शंभराहून अधिक रानटी नातलग आजही अमेरिका खंडात उगवतात. त्यातले बरेच कडू आणि विषारी आहेत. पण त्यांच्यात चिवटपणा असतो. थंडी सोसतात, रोगाला दाद देत नाहीत. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला, आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि आजारांनी मेली. (त्याच काळात त्या देशातून धान्य जहाजांत भरून बाहेर जात होतं. दुष्काळ फक्त पिकावर पडत नाही.) पुढे करप्याशी झुंजायला शास्त्रज्ञांनी मेक्सिकोतल्या एका रानबटाट्याचा शेतातल्या बटाट्याशी संकर केला. रानटी नातलगांशी संकर करणं हे तेव्हापासून बटाट्याच्या शेतीतलं रोजचं काम आहे, आणि त्याचा माणसाला मोठा फायदा झालेला आहे.

तर अमेरिकेत कृषी खातं, पेनसिल्व्हेनियाचं राज्य विद्यापीठ आणि वाइज नावाची चिप्सची कंपनी यांनी मिळून एक नवं वाण तयार केलं. त्याच्या पूर्वजांत 'सोलॅनम चॅकोएन्स' हा दक्षिण अमेरिकेतला रानबटाटा होता. १९६७ साली ते वाण शेतकऱ्यांसाठी बाहेर आलं. नाव दिलं 'लेनापे'. हे तिथल्या मूळनिवासी लोकांचं नाव. ज्यांच्या जमिनी घेतल्या त्यांचं नाव बटाट्याला द्यायचं, ही पद्धत आपल्याही ओळखीची आहे. बटाटा गुणाचा होता. पाणी कमी, पीठ जास्त, साखर कमी. तळला की करपट न होता छान सोनेरी चिप्स. कारखान्याला हवं ते सगळं त्यात होतं.

मग कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यातलं विष मोजलं. किलोला सुमारे ३०० मिलिग्रॅम. त्या काळातल्या नेहमीच्या वाणांत ते साधारण शंभराच्या आत होतं. वर जो गोळी बटाट्याचा हिशोब केला, तो याच आकड्यावर केला होता. १९७० साली लेनापे बाजारातून मागे घेतलं गेलं. पुढे वेगवेगळ्या ठिकाणी लावून पाहिलं तेव्हा हवामान आणि जमीन बदलली की विषाचं प्रमाण बदलतं, पण लेनापे जिथे लावा तिथे इतरांच्या पुढेच राहतं असं दिसलं. म्हणजे विष त्याच्या बीजातच होतं. रानबटाट्याकडून हवा तो गुण घेताना नको तो गुणही सोबत आला होता.

यात कुणाचा कट नव्हता. कुणी भेसळ केली नव्हती. प्रयोगशाळेत जनुक कापून जोडलेलं नव्हतं. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर टाकायचा, ही शेतकऱ्याला पूर्वापार माहीत असलेलीच रीत वापरली होती. उत्पादन तपासलं होतं, रोगप्रतिकार तपासला होता, तळून रंग तपासला होता. हे जेवणाऱ्याच्या पोटात गेल्यावर काय होईल, ते मोजायची वेळ सगळ्यांत शेवटी आली. कारखान्याच्या कढईची काळजी आधी घेतली गेली, लेकराच्या पोटाची नंतर. मला या सगळ्या प्रकरणात हा क्रम खुपतो.

त्यानंतर बटाट्याचं नवं वाण काढणारे किलोला २०० मिलिग्रॅम ही वरची रेषा मानू लागले. आणि याच कथेचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, तो मला सांगायचाय. लेनापे फेकून दिलं गेलं नाही. दुसऱ्या एका वाणाशी त्याचा संकर केला आणि १९७६ मध्ये 'अटलांटिक' नावाचं वाण बाहेर आलं. त्यात चिप्सचा गुण आला, विष मात्र मर्यादेत राहिलं. ते अनेक देशांत चिप्ससाठी वर्षानुवर्षं लावलं जातंय. पूर्वज विषारी, बाप विषारी, लेकरू चांगलं. कुळ बघून कुणाला चांगलं-वाईट ठरवू नये, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या गुणावर मोजावं लागतं, आणि मोजावं लागतं म्हणजे खरोखर प्रयोगशाळेत मोजावं लागतं.

म्हणून "हायब्रीड वाईट, गावरान चांगलं" हे मला पटत नाही. गावरान बटाटा उन्हात ठेवला तरी विष चढणारच. आपल्याकडे जनुक बदललेल्या वांग्यावर केवढा वाद झाला, २०१० साली सरकारने त्याला स्थगिती दिली. तो प्रश्न विचारणं योग्यच होतं, मी त्या वांग्याची वकिली करत नाहीये. पण वांगं, टोमॅटो, मिरची आणि बटाटा ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत. एकाला दहा प्रश्न विचारायचे आणि पराग टाकून तयार झालेल्या दुसऱ्याला "हा पारंपरिक आहे, जाऊ दे" म्हणायचं, यात शास्त्र नाही. बी कुठल्या रीतीने तयार झालं यापेक्षा ताटात काय आलं हे विचारायला हवं.

अँडीजच्या डोंगरातल्या आयमारा आणि क्वेचुआ लोकांनी हा प्रश्न हजारो वर्षांपूर्वी आपल्या पद्धतीने सोडवला. जिथे हाडं गोठवणारी थंडी पडते तिथे गोड बटाटा तग धरत नाही, कडू बटाटाच येतो. ते लोक तो रात्री उघड्यावर पसरून गोठवतात, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढतात, उन्हात वाळवतात. एका प्रकारात तर आठवडेच्या आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात. कडूपणा आणि विष निघून जातं, आणि उरलेला वाळका बटाटा वर्षानुवर्षं टिकतो. काही ठिकाणी कडू बटाट्यासोबत खास प्रकारची माती कालवून खातात. ती माती विषाला धरून ठेवते आणि पोटात सुटू देत नाही, हे शास्त्रज्ञांनी नंतर तपासून पाहिलं. आपल्याकडे ठाणे-रायगडच्या डोंगरातल्या कातकरी, ठाकर, वारली बाया कडू कंद राख घालून शिजवतात आणि वारंवार पाण्याने धुऊन घेतात, त्यामागे हीच अक्कल आहे. (आपण मात्र बाजारच्या बटाट्यासोबत माती खायला जाऊ नये. ती माती वेगळी, ते ज्ञान वेगळं.) सांगायचं हे की त्या लोकांनी निसर्गाला देव मानून डोळे मिटले नाहीत. हे कडू आहे, हे मारतं, मग याचं काय करायचं, असं विचारलं आणि पिढ्यान् पिढ्या करून पाहिलं.

मागायचं काय आणि कुणाकडे

भारतात बटाट्याची नवी वाणं काढायचं मोठं काम सिमल्याची केंद्रीय बटाटा संशोधन संस्था करते. ती १९४९ साली पाटण्यात सुरू झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला गेली. वाणांच्या नावात 'कुफरी' असतं ते सिमल्याजवळच्या कुफरी गावावरून. 'कुफरी ज्योती' १९६८ चं. खास चिप्ससाठीची पहिली 'कुफरी चिप्सोना' वाणं १९९८ ची. या संस्थेच्या कामाने देशात बटाटा गरिबाच्या आवाक्यात आला, हे मान्यच करायला पाहिजे. पण बाजारात आपल्याला काय कळतं? विक्रेता "आग्रा आहे", "इंदूर आहे", "तळेगाव आहे" एवढंच सांगतो. वाण कुठलं, शीतगृहातून कधी निघालं, हे त्यालाही ठाऊक नसतं. माझं म्हणणं आहे की प्रत्येक नव्या वाणाची शिफारस करताना उत्पादन किती आणि रोगाला दाद देतं का, याच्याच ओळीत विषाचा आकडा छापलेला असावा. मराठीत, आणि शेतकरी मासिकात वाचता येईल असा. त्याला खर्च फार नाही.

ही मागणी पूर्ण व्हायला वेळ लागेल. त्याआधी आपल्या हातातल्या दोन जागा आहेत.

पहिली, विहारात किंवा वस्तीत होणारं सामुदायिक जेवण. चौदा एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, वर्षावासाच्या समाप्तीला शंभर-दोनशे माणसांचा स्वयंपाक होतो, आणि त्यात बटाटा असतोच. पोती स्वस्त पडतात म्हणून चार दिवस आधी आणून मंडपात उजेडात टाकलेली मी पाहिली आहेत. आदल्या दिवशी आणा, गोणीतच झाकून ठेवा. सोलायला बसणाऱ्या मंडळींना आधीच सांगून ठेवा की हिरवा बाजूला काढायचा, कोंब कोरायचा, आणि बाजूला काढलेला कुणी लाजून परत पातेल्यात टाकायचा नाही. एका घरात चूक झाली तर चार माणसं आजारी पडतील. तिथे पंगतच्या पंगत पडेल, आणि अंगणवाडीतली लेकरं त्याच पंगतीत असतात.

दुसरी जागा वसतिगृह. आपली कितीतरी मुलं-मुली समाजकल्याणच्या आणि इतर वसतिगृहांत राहून शिकतात. मेसमध्ये बटाटा हा ठेकेदाराचा लाडका, कारण स्वस्त, टिकतो आणि कशातही ढकलता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं होतं आणि जूनमध्ये पुन्हा भरतं. लंडनच्या त्या शाळेसारखं आधीच्या सत्राचं पोतं कोठीत पडून राहायला इथेही काही अडचण नाही. पालकांनी मुलांना सोडायला जाल तेव्हा गृहपालांना नम्रपणे, पण नक्की सांगा : सुट्टीआधीचा शिल्लक बटाटा स्वयंपाकात घ्यायचा नाही, आणि पहिल्या आठवड्यात मेस समितीतल्या दोन मुलांनी पोतं उघडून बघायचं. तोंडी नको, अर्ज लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मुलींच्या वसतिगृहात आईने जावं. मुली मेसबद्दल बोलायला कचरतात, आई सोबत असली की बोलतात. अर्जाचा नमुना ज्यांना हवा असेल त्यांनी पुढच्या आरोग्य बैठकीला या, तिथेच बसून लिहू.